नागपुरात चोरटी शिकार किंवा वन्यजीवांची विक्री दिसली तर: पहिल्या फोनपासून साक्षीपर्यंत

पेंच, उमरेड-पवनी-कऱ्हांडला, बोर, ताडोबा, नवेगाव-नागझिरा ही सगळी जंगले नागपूरहून दोन-तीन तासांच्या टप्प्यात आहेत. वाघ पाहायला माणसे याच शहरातून निघतात, आणि चोरट्या शिकारीच्या मालालाही हेच शहर सोयीचे पडते. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणारा ४४ क्रमांकाचा महामार्ग, मुंबई-कोलकाता रस्ता आणि चारही दिशांच्या रेल्वेगाड्या इथेच एकमेकांना भेटतात. नव्याने जंगलात फिरू लागलेले, शहराच्या कडेला नव्याने घर घेतलेले किंवा बांधावर तारेचा फास पाहून अस्वस्थ झालेले अनेक जण विचारतात, की अशा वेळी आपण नेमके करायचे काय. हा लेख त्यांच्यासाठी.

वन्यजीव गुन्ह्याचा खटला वर्षानुवर्षे चालतो, पण तो टिकणार की पडणार हे बहुतेकदा घटनास्थळावरच्या पहिल्या काही तासांत ठरून जाते. फास कोणी काढला, मांस कोणी हलवले, पंच कोण होते, फोटो कोणाच्या फोनमध्ये आहे, यावर पुढचे सगळे उभे राहते. शिकारी पकडण्याची जबाबदारी तुमच्यावर नाही. पुरावा जागच्या जागी राहावा आणि योग्य माणूस वेळेत पोहोचावा, एवढे तुम्ही साधले तरी ते फार मोठे काम आहे.

आधी कायदा, कामापुरता

मूळ कायदा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२. त्यात २०२२ साली मोठी दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. पूर्वी सहा परिशिष्टे होती, आता चार आहेत. पहिल्यात सर्वाधिक संरक्षण असलेले प्राणी, दुसऱ्यात बाकीचे संरक्षित प्राणी, तिसऱ्यात वनस्पती आणि चौथ्यात वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय साइटिस करारातल्या प्रजाती. इंटरनेटवरचे बरेच तक्ते जुन्या सहा परिशिष्टांचे आहेत, त्यांच्या आधारे तक्रार लिहू नका.

कायद्यातली शिकारीची व्याख्या आपल्या कल्पनेपेक्षा खूप मोठी आहे. गोळी घालणे, विष घालणे, फासे-सापळे लावणे, जाळ्यात पकडणे, हाकून किंवा आमिष दाखवून आणणे, यांतले काहीही करण्याचा प्रयत्न करणे, पक्ष्यांची किंवा सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी व घरटी मोडणे, हे सगळे शिकारीतच येते. म्हणजे फास रिकामा असला तरी तो लावणारा गुन्हेगारच. शेतात मेलेले जनावर सापडले नाही म्हणून ‘काही झालेच नाही’ असे समजून परत फिरू नका.

शिक्षेचेही थोडे ठाऊक असावे. सर्वसाधारण उल्लंघनाला ३ वर्षांपर्यंत कैद, किंवा १ लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. वाघ, बिबट, खवल्या मांजर, मोर, घोरपड अशा पहिल्या परिशिष्टातल्या प्राण्याबाबतचा गुन्हा असेल, किंवा शिकार अभयारण्यात वा राष्ट्रीय उद्यानात झाली असेल, तर किमान ३ आणि कमाल ७ वर्षे कैद व किमान २५ हजार रुपये दंड. किमान कैद ठरलेली असल्याने अशा गुन्ह्यात खात्याला पैसे घेऊन तडजोडीने प्रकरण मिटवता येत नाही. गावात कोणी ‘दंड भरला की सुटतो’ असे सांगत असेल, तर या गुन्ह्यांबाबत ते खोटे आहे.

काय दिसले म्हणजे सावध व्हायचे

नागपूर जिल्ह्यात आणि आसपास सर्वांत घातक आहे तो शेतात सोडलेला जिवंत वीजप्रवाह. रानडुकरे पीक उद्ध्वस्त करतात, म्हणून किंवा सरळ मांसासाठी, वीजवाहिनीवर आकडा टाकून उघडी तार बांधाच्या कडेने ओढली जाते. तिला रानडुक्कर लागते, चितळ लागते, वाघही लागतो. उमरेड-कऱ्हांडल्याचा प्रसिद्ध वाघ जय २०१६ च्या एप्रिलनंतर दिसला नाही. त्याचा बछडा श्रीनिवास २०१७ साली नागभीड परिसरात अशाच तारेच्या धक्क्याने मेला. या तारांना माणसेही बळी पडतात: पहाटे पाणी द्यायला गेलेला शेजारी, गुरे वळणारा मुलगा. त्यामुळे खुंट्यांवर जमिनीपासून फूट-दीड फूट उंचीवर ताणलेली बारीक तार दिसली, तर तिला काठीनेही स्पर्श करू नका. मागे सरका. वनखात्याला आणि महावितरणला दोघांनाही कळवा. महावितरणसाठी १९१२ हा क्रमांक आहे. प्रवाह बंद झाल्याची खात्री होईपर्यंत कोणालाही जवळ जाऊ देऊ नका.

(पीक वाचवणे ही शेतकऱ्याची खरी गरज आहे आणि ती नाकारून चालणार नाही. त्यासाठी सौर कुंपणाला डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून मदत मिळते, नुकसानभरपाईसाठी अर्ज करता येतो, आणि नुकसान करणाऱ्या रानडुकराबाबत वनखात्याकडे लेखी परवानगी मागता येते. चोरून तार लावण्याला मात्र कोणत्याही परवानगीचा आधार नाही. ओळखीच्या शेतकऱ्याला या योजनेची माहिती देणे हेही शिकार रोखण्याचेच काम आहे.)

दुसरा प्रकार फासांचा. दुचाकीच्या क्लच वायरचे फास झुडपांतल्या जनावरांच्या वाटेवर लावलेले असतात. पाणवठ्याजवळ वाघुरी, म्हणजे जाळी, ताणलेल्या असतात. उन्हाळ्यात पाणवठे आटले की उरलेल्या एखाद्या डबक्याभोवती हे प्रकार वाढतात, आणि कधी त्या पाण्यातच विष कालवले जाते. डबक्याजवळ एकाच वेळी बरेच पक्षी मेलेले दिसले तर पहिला संशय विषाचा घ्या. रानडुकरासाठी कणकेत गुंडाळून ठेवलेले गावठी बॉम्बही असतात, त्यांना तर हातच लावू नये.

शहरात गुन्ह्याचे रूप वेगळे. पिंजऱ्यातला आपला साधा हिरवा पोपट हा संरक्षित पक्षी आहे. त्याला पकडणे, विकणे आणि घरी पाळणे, तिन्ही गुन्हे आहेत. बजरीगर, कॉकटील हे परदेशी पक्षी विकायला मनाई नाही, म्हणून ‘बाजारात सगळेच पक्षी मिळतात’ असा गैरसमज पसरतो. पूजासाहित्यात ‘हत्थाजोडी’ नावाने जी मुळी विकली जाते, ती प्रत्यक्षात नर घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय असते. चित्रकलेचे काही ‘ओरिजिनल’ ब्रश मुंगसाच्या केसांचे असतात. धनलाभाच्या भूलथापांवर मांडूळ साप आणि कासवे विकली जातात, आणि त्या व्यवहारांत फसवणुकीचे गुन्हेही सोबत असतात. नागपंचमीला टोपलीत नाग घेऊन फिरणे हाही गुन्हाच. नैसर्गिकरीत्या गळालेल्या मोरपिसांना मात्र कायद्याने सूट आहे, त्यामुळे मोरपीस विकणाऱ्या पोराच्या मागे लागू नका.

पहिला फोन

महाराष्ट्र वनविभागाची ‘हॅलो फॉरेस्ट’ हेल्पलाइन १९२६ या क्रमांकावर आहे. हा क्रमांक आत्ताच फोनमध्ये साठवून ठेवा. नागपुरात वनखात्याच्या हद्दी किचकट आहेत: काही भाग नागपूर प्रादेशिक वनविभागाचा, काही पेंच व्याघ्र प्रकल्पाचा, काही वन विकास महामंडळाचा, म्हणजे एफडीसीएमचा. हे कोणाच्या हद्दीत येते हे शोधण्यात तुमचा तास घालवू नका. १९२६ वर सांगा, ते योग्य वनपरिक्षेत्राकडे देतील. स्थानिक वनरक्षकाचा किंवा वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याचा नंबर असेल तर त्यालाही कळवा. जंगलात नेहमी जाणाऱ्याकडे बीटगार्डचा, म्हणजे त्या भागाच्या वनरक्षकाचा, नंबर असलाच पाहिजे.

शिकारी समोर असतील, हत्यारे दिसत असतील किंवा गाडी निघून जायच्या बेतात असेल, तर ११२ वर पोलिसांना बोलवा. रेल्वेत काही दिसले तर १३९. उपनिरीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या पोलीस अधिकाऱ्याला या कायद्याखाली झडतीचे व जप्तीचे अधिकार आहेत. मात्र कलम ५५ प्रमाणे न्यायालय अशा गुन्ह्याची दखल घेते ती कायद्याने अधिकृत केलेल्या अधिकाऱ्याच्या फिर्यादीवरून. त्यामुळे पोलिसांना बोलावले तरी वनखात्याला कळवायचे राहू देऊ नका, नाहीतर चांगली कारवाईसुद्धा पुढे तांत्रिक मुद्द्यावर अडकते. आंतरराज्य टोळीचा किंवा ऑनलाइन विक्रीचा मामला असेल तर केंद्राच्या वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोकडेही माहिती देता येते. त्याचे पश्चिम विभागाचे कार्यालय मुंबईत आहे.

फोनवर थोडक्यात आणि क्रमाने सांगा. कुठे (गावाचे नाव, जवळचा फाटा, नाला, मंदिर, आणि शक्य असेल तर व्हॉट्सॲपवर लोकेशन), काय दिसले, किती वाजता, किती माणसे, गाडीचा नंबर व रंग, कोणत्या दिशेने गेली. अंदाज असेल तर ‘माझा अंदाज आहे’ असे म्हणा. ‘वाघाचे कातडे आहे’ असे ठामपणे सांगितले आणि निघाले रंगवलेले कुत्र्याचे, तर पुढच्या वेळी तुमच्या फोनचे वजन कमी होते. नाव गुप्त ठेवायचे असेल तर तसे सुरुवातीलाच सांगा. फोन केल्याची वेळ आणि पलीकडे कोण बोलले ते वहीत टिपून ठेवा, पुढे ते कामी येते.

पथक येईपर्यंत

इथे सर्वांत जास्त घोळ होतात, आणि ते चांगल्या हेतूने होतात. फास दिसला की काढून फेकावासा वाटतो. काढू नका. फास कसा बांधला होता, किती उंचीवर होता, कोणत्या वाटेवर होता, यावरून तो कोणासाठी लावला हे कळते, आणि पंचनाम्यात तेच लिहावे लागते. फासात जिवंत जनावर अडकले असेल तर क्षणभरही न थांबता फोन करा आणि ते स्पष्ट सांगा. स्वतः सोडवायला जाऊ नका. घाबरलेले रानडुक्कर किंवा बिबट माणसाला फाडू शकते. बचाव पथक भूल देऊन काम करते, आणि जखमी प्राण्यासाठी सेमिनरी हिल्सला वनखात्याचे ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर व गोरेवाड्याला बचाव केंद्र आहे.

फोटो काढा, पण दुरून आणि आजूबाजूचा परिसर दिसेल असे: आधी झाड, बांध, रस्ता दाखवणारा, मग जवळचा. मूळ फाइल त्याच फोनमध्ये राहू द्या. व्हॉट्सॲपवर फिरवलेल्या प्रतीत मूळ तपशील राहत नाही. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते. ते देताना फोन तुमचा आहे आणि फोटो तुम्हीच काढला हे सांगावे लागेल, म्हणून तो फोन लगेच विकून टाकू नका. पायाचे ठसे, टायरचे ठसे, काडतुसाचे टोपण यांच्यावरून चालू नका. मांस शिजत असलेली चूल दिसली तर ती विझवायलाही जाऊ नका.

सोशल मीडियावर तोपर्यंत काहीही टाकू नका. एका पोस्टने टोळी सावध होते, माल एका रात्रीत दुसऱ्या राज्यात जातो, आणि कधी वाघाच्या गुहेचा ठावठिकाणाही उघड होतो. कारवाई पूर्ण झाल्याचे खात्याने जाहीर केल्यानंतर काय लिहायचे ते लिहा.

आणि दया म्हणून विकत घेऊ नका. पिंजऱ्यातला पोपट किंवा कासव पैसे देऊन ‘सोडवले’, तर विक्रेत्याला पुढचे दहा पकडायला भांडवल मिळते, आणि ताबा तुमच्याकडे आल्याने कायद्याच्या नजरेत तुम्हीही अडचणीत येता. संरक्षित प्राणी किंवा त्याचा अवयव तुमच्या ताब्यात आला तर ४८ तासांच्या आत पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवणे कलम ३९ प्रमाणे बंधनकारक आहे. घरात आधीपासून पोपट असेल तर तो वनखात्याकडे सोपवा. परस्पर झाडावर सोडलेला पाळीव पोपट बहुधा जगत नाही.

स्वतः बनावट गिऱ्हाईक होऊन सौदा करण्याच्या फंदात पडू नये. सापळा रचणे हे पथकाचे काम आहे. त्यात पैसे, पंच आणि वेळ आधीच ठरलेले असतात, आणि तुमच्या हौशी सौद्याने तुमच्याच फोनचे कॉल रेकॉर्ड संशयितांच्या यादीत जमा होतात.

पंच व्हायला सांगितले तर

पथक आले की झडती, जप्ती आणि पंचनामा होतो. त्या वेळी दोन पंच लागतात, आणि रात्री जंगलाच्या कडेला पंच मिळत नाहीत. कोणी ‘पंच व्हाल का’ असे विचारले तर माझा आग्रह आहे की हो म्हणा. जिथे सुशिक्षित, निर्भय पंच नसतात तिथे खटले पडतात.

पंच झालात तर सगळे स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. जप्त वस्तू किती, कुठे सापडल्या, कोणाकडून काढल्या, वजन किती, सील कसे लागले, त्यावरच्या लेबलावर तुमची सही झाली का. पंचनामा पूर्ण वाचल्याशिवाय सही करू नका, कोऱ्या कागदावर तर कधीच नको. वेळ चुकीची लिहिली असेल तर तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत झडती-जप्तीच्या चित्रीकरणाची तरतूद आहे. चित्रीकरण होत नसेल तर नम्रपणे आठवण करून द्या. घरी आल्यावर त्या रात्रीचा क्रम वहीत लिहून ठेवा, कारण साक्षीला बोलावणे येईल तेव्हा काही वर्षे उलटलेली असतील.

मग खात्यात काय होते

वनरक्षक किंवा वनपाल प्राथमिक वनगुन्हा अहवाल नोंदवतो. सगळे त्याला ‘पीओआर’ म्हणतात. पोलिसांच्या एफआयआरच्या जागी इथे हा कागद असतो. तक्रारदार म्हणून तुम्ही त्याचा क्रमांक आणि तारीख जरूर विचारा. अटक झालेल्याला न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे केले जाते, वनकोठडी मागितली जाते. सहायक वनसंरक्षक किंवा त्याहून वरच्या, सरकारने अधिकृत केलेल्या अधिकाऱ्याला कलम ५० (८) प्रमाणे पुरावा नोंदवता येतो, आणि तो आरोपीच्या समोर नोंदवलेला असेल तर खटल्यात ग्राह्य धरला जातो. पोलीस अधिकाऱ्यापुढच्या कबुलीला असे स्थान नाही, म्हणून या अधिकाऱ्याने काम कसे केले यावर खटल्याचा बराच भार असतो.

कातडे, मांस, हाडे, नखे यांचे नमुने डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था किंवा हैदराबादची सीसीएमबी (पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्र) अशा प्रयोगशाळांत जातात. शिजवलेले मांस कोणत्या प्राण्याचे हे डीएनएवरून कळू शकते. या अहवालाला वेळ लागतो आणि त्या काळात ‘काहीच झाले नाही’ असे वाटते. शिकारीत वापरलेली गाडी, हत्यारे आणि जाळी सरकारजमा होऊ शकतात. माझ्या मते गाडी जाण्याचा धाक दंडाच्या रकमेपेक्षा कितीतरी मोठा ठरतो. टोळीचा धागा मोबाइलच्या नोंदींवरून लागतो, आणि मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या सायबर कक्षाने विदर्भात या कामी चांगली मदत केली आहे.

पंधरा दिवसांनी एकदा, मग महिन्याने एकदा, विचारपूस करा. सभ्य भाषेत, पीओआर क्रमांक घालून, उपवनसंरक्षकांच्या नावे एक पानी पत्र पुरे. मानद वन्यजीव रक्षक ही सरकारनेच नेमलेली व्यक्ती असते. खात्याचा माणूस फोन उचलत नसेल तर त्यांच्याकडे जा. तपासाच्या आतल्या गोष्टी मागू नका, आरोपपत्राऐवजी इथे फिर्याद दाखल होते, ती झाली का आणि कोणत्या न्यायालयात, एवढेच विचारा.

साक्षीचे समन्स

समन्स आले की घाबरून घर बदलायचे नसते. सरकारी वकिलाला आधी भेटा, तुमचा जबाब पुन्हा वाचा. बचाव पक्षाचा वकील अंतर, उजेड, वेळ यांवर प्रश्न विचारेल. जे पाहिले तेच सांगा, आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ म्हणा. गावातून दबाव येत असेल, धमकी आली असेल, तर ती लेखी स्वरूपात न्यायालयाच्या आणि पोलिसांच्या कानावर घाला. साक्षीदार फितूर होण्याने जितके शिकारी सुटले, तितके डीएनए अहवालाअभावी सुटले नसावेत, असे या कामात असलेल्या अनेकांचे मत आहे आणि मलाही तसेच वाटते.

कोणीच हलले नाही तर

कधी कधी तक्रार देऊनही काही होत नाही. त्यासाठी कलम ५५ मध्येच वाट आहे. केंद्र सरकारला, राज्य सरकारला किंवा त्यांनी अधिकृत केलेल्या अधिकाऱ्याला कथित गुन्ह्याची आणि स्वतः फिर्याद करण्याच्या इराद्याची किमान ६० दिवसांची नोटीस दिली, तर कोणीही नागरिक न्यायालयात फिर्याद करू शकतो. नोटिसीचा विहित नमुना आहे, म्हणून ती वकिलाकडून तपासून घ्या. नोटिसीत ठिकाण, तारीख, वेळ, काय दिसले, कोणाला केव्हा फोन केला आणि पीओआर नोंदवला असल्यास त्याचा क्रमांक लिहा. पहिल्या दिवशी वहीत टिपलेले सगळे इथे उपयोगी पडेल. नागपुरात असल्याचा एक फायदा असा, की राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक वनभवनातच बसतात: नोटिसीची प्रत स्वतः नेऊन आवक शिक्क्याची पोच घ्या, दुसरी प्रत स्पीड पोस्टाने पाठवा, आणि दोन्ही पावत्या फोटोंच्या मूळ फाइलींबरोबर जपून ठेवा.